आखाजीच्या आधी पेटी उघडा: शेतकऱ्याची निवृत्ती आणि वावराची वाटणी

आजोबा गेले तेव्हा मी अकरावीत होतो. पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर वडिलांनी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. बियाण्याच्या कापडी पिशवीत गुंडाळलेले कागद त्यांनी ओट्यावर पसरले आणि चष्मा लावून सातबारा वाचायला घेतला. एकदा वाचला, परत वाचला. आजोबांचं नाव त्यावर नव्हतंच. त्यांच्या थोरल्या भावाचं नाव होतं आणि पुढे तीन अक्षरं: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ते थोरले आजोबा केव्हाच वारले होते, त्यांची नातवंडं सुरतेला कापड गिरण्यांत. चोपडा तालुक्यातल्या ज्या तीन हेक्टरांत आमची तीन पिढ्यांची हाडं झिजली, ते कागदावर आमचं नव्हतं.

ते सरळ करायला चार वर्षं गेली. त्या काळात सोसायटीचं पीककर्ज नाही, विमा नाही, आणि एका वादळात उभी केळी झोपली तेव्हा भरपाईही नाही. वडिलांनी तेव्हाच ठरवलं की आपल्या पोरांवर ही वेळ येऊ द्यायची नाही. पुढे वयाच्या पासष्टीत त्यांनी कारभार सोडायला घेतला आणि तीन आखाज्यांत, म्हणजे तीन अक्षय्य तृतीयांत, तो पुरा केला. त्यांच्या हाताखाली जे शिकलो ते क्रमाने लिहितो. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक शेतकऱ्याने हे काम या वर्षीच सुरू करावं असं मला मनापासून वाटतं.

पहिलं काम: पेटी

गट नंबरवार सातबारा काढा, आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा एकत्र उतारा, काढा, आणि जमीन तुमच्या घरात कशी आली ते सांगणारे जुने फेरफार काढा. सातबारा ऑनलाइन मिळतो, जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. मग एकेका गटासमोर बसून पुढच्या गोष्टी तपासा.

नाव कोणाचं आहे? मेलेल्या माणसाचं असेल तर आधी वारस नोंद. शासनाने २०२५ मध्ये जी 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली ती याचसाठी होती. 'ए.कु.मॅ.' किंवा 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालक कर्ता, असा शेरा असेल तर तोही काढून घ्या. तो अज्ञान, म्हणजे तेव्हाचा अल्पवयीन पोरगा, आज नातवंडांचा आजोबा झालेला असतो. सातबाऱ्यावरच्या 'इतर अधिकार' रकान्यात कर्जाचा बोजा कोणाचा आहे? कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही, बँकेचा किंवा सोसायटीचा दाखला देऊन उतरवावा लागतो. भोगवटादार वर्ग १ की २? वर्ग २ असेल, म्हणजे जमीन शासनाच्या अटींवर धरलेली असेल, तर परवानगीशिवाय हस्तांतर करू नका. आणि आधारवरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव, शेतकरी ओळख क्रमांकातलं नाव एकच आहे का? 'पंढरीनाथ' आणि 'पंढरी' यातल्या फरकापायी माणसं महिनोन्महिने सेतू केंद्राच्या पायऱ्या चढतात.

सगळ्यात नाजूक प्रश्न असा की जमीन वडिलोपार्जित आहे की स्वकष्टार्जित. वडिलांकडून आली म्हणजे कायद्याने वडिलोपार्जितच, असं प्रत्येक वेळी नसतं. ती कोणत्या साली, वारसाने आली, वाटणीने आली की मृत्युपत्राने, यावर ते ठरतं. फेरफारांचा गठ्ठा घेऊन एकदा दिवाणी वकिलाकडे बसा. पुढचा कोणता दस्त चालेल ते या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून इथे फी वाचवू नका.

आदिवासी बांधवांसाठी वेगळं सांगतो, कारण नंदुरबारकडे हे फार लागतं. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू होत नाही, तिथे रूढी पाहिली जाते. पण मुलींना वगळणं हीच रूढी, असं आपोआप धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीच्या नावावर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जात नाही. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याचा पट्टा वारसाला मिळतो, पण विकता किंवा बक्षीस देता येत नाही. अक्कलकुवा-धडगाव भागात कोणी वनपट्ट्याचं खरेदीखत करून देतो म्हणाला तर तिथूनच मागे फिरा.

दुसरं काम: आधी स्वतःचं ताट

पोरांना काय द्यायचं हे ठरवण्याआधी म्हातारा-म्हातारीला काय लागतं ते वहीत मांडा. आमच्याकडे उलटं होतं. बाप जमीन वाटतो आणि मग औषधाच्या चिठ्ठीला सुनेसमोर हात पसरतो. मी हे तीन घरांत पाहिलं आहे, आणि त्या घरांतली पोरं वाईट नव्हती. सोय करून ठेवली नव्हती, एवढंच.

माझ्या आई-वडिलांचा हिशेब असा बसला. किराणा, दवाखाना, वीज, लग्नकार्यातला आहेर, वर्षातून एकदा पंढरपूर, सगळं धरून महिन्याला १२,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४,०००. पीएम किसानचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० मिळून १२,००० झाले. केळीच्या दोन बऱ्या वर्षांतले ८ लाख त्यांनी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले होते. एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के आहे, त्यामुळे दर तिमाहीला १६,४०० रुपये, वर्षाला ६५,६०० येतात. ही योजना साठीनंतर उघडता येते, मुदत ५ वर्षांची, मर्यादा ३० लाखांची. राहिले ६६,४००. ते त्यांच्या नावावर ठेवलेल्या तीन एकरांच्या नफ्यातून, म्हणजे वावर दुसऱ्याला कसायला दिल्याच्या मोबदल्यातून, यायला हवेत, म्हणजे एकरी बावीस हजारांच्या आसपास. पाण्याखालच्या वावराला आमच्या भागात तेवढं मिळतं.

तुमचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी अशीच करा. ताळा जमत नसेल तर अजून तीन-चार वर्षं कारभार सोडू नका. केळीला भाव लागला की त्याच हंगामात नवा ट्रॅक्टर दारात येतो. त्या पैशातला चौथा हिस्सा आधी पोस्टात गेला पाहिजे.

वय ४० च्या आत असलेल्या मुलाला किंवा सुनेला पीएम किसान मानधन योजनेत आजच घाला. २ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांसाठी ती आहे. वयानुसार महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच केंद्र सरकार भरतं, आणि साठीनंतर महिन्याला ३,००० मिळतात. पुढे जोडीदाराला त्याचे निम्मे. तीस वर्षांनी ३,००० रुपयांना काय येईल हा प्रश्न रास्त आहे, म्हणून सगळा भार तिच्यावर टाकू नका, पण सोडूही नका. ज्यांची परिस्थिती फारच हलाखीची आहे, वय ६५ च्या पुढे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत, त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० आहेत. सत्तरी ओलांडलेल्यांनी ५ लाखांच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

इथेच एक धोक्याची सूचना. सगळी जमीन हयातीत मुलांच्या नावावर केली तर तुम्ही खातेदार राहत नाही. पीएम किसान बंद होतं, पीककर्ज बंद होतं. आणि पीएम किसानसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरलेली असल्याने, त्यानंतर बक्षीस किंवा वाटणीने मिळालेल्या जमिनीवर मुलाला तो लाभ मिळायला अडचण येते. मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीला सूट आहे. म्हणून थोडं तरी वावर, आणि तेही विहिरीजवळचं, शेवटपर्यंत तुमच्या नावावर राहू द्या.

तिसरं काम: आखाजीची बैठक

आपल्याकडे शेतीचं वर्ष आखाजीला फिरतं. सालदाराचं, म्हणजे सालगड्याचं, जुनं साल संपतं, नवं ठरतं. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधलेले असतात. मृगाला अजून अवकाश असतो, वावरं मोकळी असतात. वाटणीची बोलणी करायला याहून चांगला मुहूर्त नाही, कारण सगळे घरात असतात.

सगळे म्हणजे मुलीसुद्धा. अहिराणीत मुलगा आंडोर आणि मुलगी आंडेर. शब्दात फरक एका कान्याचा. कायद्यात आता तोही उरलेला नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार आहे, आणि त्या दिवशी बाप हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी पक्कं केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. बाप-लेकांत वाटणी होते तेव्हा आईलाही मुलाइतका वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आमच्या घरी आमरस-पुरणपोळीचं जेवण आटोपल्यावर वडिलांनी ओट्यावर खडूने आमच्या तिन्ही गटांचा नकाशा काढला. मधे विहीर, पश्चिमेला नाला, वर गाडवाट. धाकटा भाऊ पिंपरी-चिंचवडला कंपनीत असतो. तो म्हणाला, मला शेती करायची नाही पण मला हिस्सा हवा. मग वडील बहिणीकडे वळले. मी मनात धरून चाललो होतो की ती सोडेल. ती म्हणाली, "मला पण पाहिजे दादा. यांची नोकरी सुटली आहे. माझ्या नावावर काहीतरी राहू द्या." दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग वडिलांनी खडू उचलला आणि पाच भाग पाडले: वडील, आई, आम्ही दोघे भाऊ, बहीण. प्रत्येकी ६० आर, म्हणजे दीड एकर.

मला तेव्हा वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. राबणारा मी आणि वाटा पाचातला एक. पण तोडगाही त्याच ओट्यावर निघाला. जमीन कागदावर पाच जणांची, कसणारा मी एकटा. भावाचं आणि बहिणीचं वावर मी गावच्या चालू दराने नफ्याने करतो. दर आखाजीला दर ठरतो, निम्मे पैसे तेव्हा, निम्मे दिवाळीला, आणि हंगामाचा कागद दोन्हीकडच्या सह्यांनी होतो. कधी कोणाला विकायचं झालं तर आधी घरात विचारायचं, हेही लिहून ठेवलं. साडेसात एकरांचे पाच तुकडे करून पाच मोटारी बसवण्यापेक्षा ही रीत मला शहाणपणाची वाटते.

बहिणीला हिस्सा खरोखरच नको असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत करावं लागतं, मुद्रांक नाममात्र लागतो. पण तिला आधी नीट विचारा, विचार करायला वेळ द्या. राखीच्या दिवशी ओवाळणीच्या ताटाशेजारी कागद ठेवून सही घेऊ नका. आणि बापाच्या स्वकष्टार्जित जमिनीवरचा 'पुढे मिळणारा हक्क' बाप जिवंत असताना सोडून घेतला तर त्या कागदाला काही अर्थ नाही, कारण तो हक्क तेव्हा जन्मलेलाच नसतो.

चौथं काम: नावाआधी कारभार

सातबारा एका दिवसात बदलतो, शेतकरी नाही. वडिलांनी पहिल्या वर्षी मला एकच गट दिला: काय लावायचं, कधी लावायचं, सगळं माझं. मी खोलगट वावरात केळीची कांदेबाग धरली. ते बांधावर उभे राहून एकदाच म्हणाले, "इथं पाणी थांबतं." मी ऐकलं नाही. पावसाळ्यात दोन ओळी सडल्या. त्यांनी परत तो विषय काढला नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात मी चर खोदला तेव्हा सकाळपासून माझ्याबरोबर फावडं घेऊन होते.

दुसऱ्या वर्षी हिशेब दिला. कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचा भरणा, केळीच्या व्यापाऱ्याशी भाव आणि कटाईची बोलणी. तिसऱ्या आखाजीला सालदाराची बोलणी मी केली आणि वडील त्या दिवशी मुद्दाम बहिणीकडे गेले. परत आल्यावर मोटारीच्या स्टार्टर पेटीची किल्ली माझ्या हातावर ठेवली: "आते तूच देख, भो."

बापासाठी हे सोपं नसतं. चाळीस वर्षं पहाटे वावरात जाणारा माणूस ओट्यावर बसवला तर वर्षभरात खचतो. त्याला काम ठेवा: रोपांची निगा, गोठा, बी-बियाण्याची वही. फक्त निर्णय मुलाचे असू द्या आणि मजुरांसमोर बापाने मुलाला टोकू नये.

पाचवं काम: दस्त कोणता?

*वाटणी.* जमीन वडिलोपार्जित किंवा सामाईक असेल आणि सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप करून घेता येतं. दुसरी वाट नोंदणीकृत वाटणीपत्राची. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला, मुद्रांक शंभर रुपयांचा. फी आडवी येत होती म्हणून घरगुती स्टॅम्पवर वाटणी करणाऱ्यांना आता सबब उरली नाही. तुकडेबंदीकडे लक्ष ठेवा: २०२३ च्या अधिसूचनेनुसार जिरायत २० आर आणि बागायत १० आर याहून लहान तुकडा पाडता येत नाही.

दस्तात गट नंबर आणि क्षेत्र सगळेच लिहितात. भांडणं होतात ती न लिहिलेल्या गोष्टींवरून. विहिरीत कोणाचा किती हिस्सा, पाण्याची पाळी कोणत्या वारी आणि थ्री फेज रात्री असेल तेव्हा काय, मोटारीचं कनेक्शन कोणाच्या नावावर आणि बिल कोण भरणार, पाइपलाइन कोणाच्या वावरातून जाते, मागच्या हिस्स्याला बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल असा रस्ता किती फुटांचा, बांधावरच्या आंब्याची फळं कोणाची, खळं आणि गोठा कोणाचा. आमच्या वाटणीपत्राची दोन पानं जमिनीची आहेत आणि साडेतीन पानं पाणी-रस्त्याची. विहिरीचा आणि रस्त्याचा हक्क सातबाऱ्याच्या इतर अधिकारात नोंदवून घ्या आणि वाटणीनंतर पोटहिस्सा मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवा.

*बक्षीसपत्र.* स्वकष्टार्जित जमीन हयातीत द्यायची असेल तर हा दस्त. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं, विधवा सून यांना शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. पण बक्षीस दिलं की गेलं. म्हणून दस्तातच स्पष्ट अट लिहा की बक्षीस घेणाऱ्याने देणाऱ्याचं आणि त्याच्या पत्नीचं अन्न, वस्त्र, राहणं, औषधपाणी हयातभर पाहायचं. ती अट मोडली तर ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून दस्त रद्द करून घेता येतो. अट लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करण्यातच वर्षं जातात.

*मृत्युपत्र.* माझा कल याच्याकडे आहे, निदान म्हातारपणासाठी राखलेल्या तुकड्यापुरता तरी. मरेपर्यंत जमीन तुमची, मन बदललं तर मृत्युपत्र बदलता येतं, शेवटचं खरं धरतात. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही हवी; साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान असावेत आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यातले नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा, आणि शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीच्या तारखेचा जोडा. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करता येतं. बायकोला हयातीपुरता उपभोग द्यायचा की पूर्ण मालकी, हे शब्दांत स्वच्छ लिहा. इथल्या एका संदिग्ध ओळीने कोर्टात पिढी जाते.

या तिन्हींखेरीज एक काम कोणीही या आठवड्यात करू शकतो. लक्ष्मी मुक्ती: नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावणं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ही चळवळ उभी केली आणि शासनाने १९९२ मध्ये तसं परिपत्रक काढलं. अर्ज द्यायचा आहे, मुद्रांक नाही. जिने जन्मभर कापूस वेचला तिचं नाव नवरा मेल्यावर 'विधवा' म्हणून लागण्याआधी लागलं पाहिजे.

काही न करता माणूस गेला तर

मृत्यूचा दाखला घ्या आणि तीन महिन्यांच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्या; ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही देता येतो. सगळे वारस लिहा. 'बहिणींचं नंतर बघू' म्हणून त्यांची नावं गाळली की ती नोंद पुढे अपिलात पडते. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. शेतकरी अपघाताने गेला असेल आणि वय १० ते ७५ मध्ये असेल तर गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेतून २ लाखांचं अनुदान आहे, ते दुःखात विसरू नका. आणि बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे घेऊन वारसांना देणारा विश्वस्त असतो, हे घरात आधीच सांगून ठेवा.

आमचा फेरफार प्रमाणित झाला त्या संध्याकाळी वडिलांनी पाच नवे सातबारे काढून आणले. चार ज्याचे त्याला दिले. पाचवा, आईचा, त्यांनी तिलाच वाचून दाखवला, गट नंबरापासून क्षेत्रापर्यंत. मग त्या जुन्याच बियाण्याच्या पिशवीत मृत्युपत्राची प्रत, पोस्टाची पासबुकं, विम्याचा कागद आणि सोसायटीचा बेबाकी, म्हणजे कर्ज बाकी नसल्याचा, दाखला घातला, वर एका चिठ्ठीवर कुठल्या बँकेत काय आहे ते लिहिलं, आणि पेटी माळ्यावर न चढवता आईच्या खाटेखाली सरकवली.